दुखतंय ते नेमकं कुठे? लग्नानंतर चार महिन्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26, लग्नाला चार महिने झालेत, पाळी नियमित. संबंधांच्या वेळी इतकं दुखतं की मध्येच थांबावं लागतं. मेन्स्ट्रुअल कप वापरून पाहिलात, तो आत जातच नाही. पहिल्या वेळी रक्त आलं नाही म्हणून सासरी कुजबुज झाली. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पिशवी उलटी असल्याचं लिहून आलं. मग तुम्ही आरशात पाहिलंत, तर आतले ओठ काळसर, लांब आणि एक लहान एक मोठा. शेवटी विचारलंत, "माझी रचनाच चुकीची आहे का?"

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं काम करतेय, आणि हा प्रश्न जवळजवळ याच क्रमाने माझ्यासमोर येत राहतो. तुमच्या पाच काळज्या एकमेकींत अडकल्यात. त्या सोडवून वेगळ्या केल्या तर त्यातल्या चारांना बहुधा उपचारच लागणार नाहीत. पाचवी, म्हणजे दुखणं, मात्र खरी आहे. तिच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही, त्यामुळे तुम्हाला नक्की काय झालंय ते मी इथून सांगणार नाही. पण कोणती गोष्ट कुठे आहे हे समजलं, तर काय झालं असेल याचा अर्धा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल आणि डॉक्टरांकडे गेल्यावर नेमकी जागा सांगता येईल.

एक महत्त्वाचा धागा तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्हाला पाळी येते. म्हणजे गर्भाशय आहे, त्याचं तोंड आहे आणि तिथून बाहेर येणारी वाट उघडी आहे. काही मुलींमध्ये योनिपटल, म्हणजे योनीद्वाराच्या कडेची कातडीची घडी, पूर्ण बंद असतं. त्यांना तेराव्या-चौदाव्या वर्षी दर महिन्याला पोटात दुखतं, पण रक्त बाहेर येत नाही. साधारण साडेचार-पाच हजारांत एखादीला जन्मतःच गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग नसतो. तिला पाळी कधी येतच नाही. या दोन्ही शक्यता तुमच्या बाबतीत गळून पडतात. एक छोटी शक्यता उरते. कधी कधी योनिपटलाच्या मधोमध मांसाची एक उभी पट्टी असते. तिच्या दोन्ही बाजूंनी रक्त वाहून जातं, म्हणून पाळीला अडचण नसते, पण कप अडतो आणि संबंधांत दुखतं. तपासणीत ती लगेच दिसते आणि लहानशा शस्त्रक्रियेने निघते. हे सगळ्यांत असतं असं नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी तेवढं एकदा पाहायला हवं.

आता आरसा पुन्हा हातात घ्या. मागच्या वेळी दोष शोधायला घेतला होता, या वेळी ओळख करून घ्यायला. दार लावा, उजेड भरपूर असू द्या, पाठीमागे उशी घेऊन पाय दुमडून बसा. पुढून मागे जाऊ या.

सगळ्यात वर, हाडावर, केसांचा मऊ उंचवटा असतो. तिथून खाली दोन्ही बाजूंना येतात ते बाहेरचे ओठ; त्यांना केस असतात आणि आत चरबी. ते हलकेच बाजूला केले की आतले ओठ दिसतात. त्यांना केस नसतात, ते पातळ, ओलसर आणि खूप संवेदनशील असतात. तुम्ही ज्यांची काळजी करताय ते हे. 2005 साली लंडनमधल्या डॉक्टरांनी 50 स्त्रियांची मापं प्रसिद्ध केली. आतल्या ओठांची लांबी 2 सेंटीमीटरपासून 10 सेंटीमीटरपर्यंत आणि रुंदी 7 मिलिमीटरपासून 5 सेंटीमीटरपर्यंत निघाली. सगळ्यांची रचना सामान्य, आणि फरक एवढा. दोन्ही बाजू सारख्या नसणं हे तर फारच सर्रास आढळतं. बाहेरच्या ओठांच्या कडेबाहेर आतले ओठ डोकावणं, त्यांच्या कडा सुरकुतलेल्या असणं, रंग तपकिरी, जांभळट किंवा काळसर असणं, हे सगळं नेहमीचं आहे. वयात येताना संप्रेरकांमुळे तिथली त्वचा गडद होते, आणि आपल्याकडच्या कातडीत ते जास्त जाणवतं. ती जागा 'उजळ' करण्याची क्रीम सध्या विकली जातात. त्यांनी तिथली कातडी सोललेल्या, आग होणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. कृपा करून ती लावू नका. ओठ सायकल चालवताना किंवा घट्ट कपड्यांत घासून खरंच दुखत असतील तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, निव्वळ दिसण्यासाठी कात्री लावून घेण्यासारखं काहीही नाही.

आतले ओठ वर जिथे एकत्र येतात तिथे कातडीच्या छोट्या टोपीखाली एक दाणा असतो. ती शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस. तिथून बोटभर खाली एक बारीक छिद्र, बऱ्याचदा शोधूनच सापडेल असं: हे लघवीचं. त्याच्या खाली मोठं द्वार, ते योनीचं. पाळीचं रक्त इथून येतं, संबंध इथे होतात, बाळ इथून जन्मतं. त्याच्या मागे थोडी कातडी सोडून शौचाची जागा. म्हणजे वाटा तीन, आणि तिन्ही वेगळ्या. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकासुद्धा लघवीची आणि पाळीची वाट एकच समजतात. "टॅम्पॉन (पाळीत योनीत ठेवायची कापसाची गुंडाळी) घातला तर लघवी कशी होणार?" हा प्रश्न मला पदवीधर मुलींनीही विचारलाय. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेतल्या शरीररचनेच्या चित्रात गर्भाशय असतं, बीजांडकोश असतात, पण बाहेरून दिसणारा भाग सहसा काढलेलाच नसतो.

लघवीची नळी बाईमध्ये जेमतेम 4 सेंटीमीटर लांब असते आणि तिचं तोंड योनीच्या अगदी शेजारी. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत लघवीला जळजळ होण्याचा त्रास बऱ्याच जणींना होतो. संबंधांनंतर लघवीला जाऊन यायचं, पाणी भरपूर प्यायचं, धुताना हात पुढून मागे न्यायचा. जळजळ टिकली किंवा ताप आला तर लघवीची तपासणी करून औषध घ्यायचं.

शिश्निकेकडे परत येते, कारण तुमच्या दुखण्याशी तिचा संबंध असू शकतो आणि तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. बाहेर दिसतो तो दाणा म्हणजे टोक. बाकीचा अवयव आत असतो: मागे वळणारं खोड, हाडाच्या कडेने गेलेले दोन पाय आणि योनीद्वाराच्या दोन्ही बाजूंना असलेले, रक्ताने भरणारे दोन फुगीर भाग. ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी 1998 साली शवविच्छेदनातून ही पूर्ण रचना नीट मांडली. पाठ्यपुस्तकांत तोवर तिला जेमतेम जागा होती. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तिच्या मुख्य नसांमधले तंतू मोजले, ते 10 हजारांहून अधिक निघाले. पुरुषाचं लिंग आणि शिश्निका गर्भात एकाच पेशीसमूहापासून तयार होतात, आणि शिश्निकेचं काम फक्त सुखाची जाणीव देणं एवढंच आहे. पुष्कळ बायकांना नुसत्या प्रवेशाने सुखाचा परमोच्च क्षण मिळत नाही, शिश्निकेला स्पर्श लागतो. यात कमी काहीच नाही.

आता दुखण्याशी याचा धागा जोडते. मन आणि शरीर तयार झालं की या सगळ्या भागात रक्त वाढतं, योनीच्या भिंतींमधून ओलावा पाझरतो, योनी लांबते आणि गर्भाशय वर सरकतं. याला वेळ लागतो, आणि तो प्रत्येकीचा वेगळा. बाजूच्या खोलीत सासू-सासरे झोपलेत, मनात "आज तरी जमलं पाहिजे" अशी धडधड आहे, दोघांनाही कुणी काही सांगितलेलं नाही, अशा अवस्थेत घाईने प्रवेशाचा प्रयत्न झाला तर ओलावा नसतो आणि दुखणारच. माझ्याकडे येणाऱ्या नवविवाहित जोडप्यांत दुखण्याचं हे कारण मला वारंवार दिसतं. फार्मसीत मिळणारं पाण्याच्या आधाराचं ल्युब्रिकंट वापरा. घरात खोबरेल तेल असतं, पण कंडोम वापरत असाल तर ते नको. तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं.

आता रक्ताचा विषय. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे.

योनीद्वाराच्या कडेला आतून कातडीची एक घडी असते, तिला योनिपटल म्हणतात. 'पटल' या शब्दामुळे दारावर ताणलेला पडदा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ती बहुतेकींमध्ये कड्यासारखी किंवा चंद्रकोरीसारखी किनार असते, मधली जागा मोकळीच. म्हणून तर पाळी बाहेर येते. कुणाची किनार रुंद, कुणाची नावापुरती, आणि वयात आल्यावर ती लवचिक होते. ती ताणली जाऊन पूर्वपदावर येऊ शकते. अनेकींना पहिल्या वेळी रक्त येत नाही. ज्यांना येतं त्यांतही पुष्कळदा कारण घाई आणि कोरडेपणामुळे पडलेली बारीक चीर असतं. किनार पाहून एखादीचे संबंध झालेत की नाहीत हे कुणीही सांगू शकत नाही. मी नाही, दुसरा कुठला डॉक्टर नाही, आणि चादर तर नाहीच.

हे फक्त माझं मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर सांगितलं की कौमार्य तपासणीला शास्त्रीय आधार नाही आणि ती थांबवली पाहिजे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 2019 साली वैद्यकीय अभ्यासक्रमातून 'कौमार्याच्या खुणा' हा भाग काढण्याचा निर्णय घेतला. बलात्काराच्या प्रकरणांत होणारी 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका बसेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये स्पष्ट सांगितलं. आणि आपल्याच पुणे-पिंपरी भागात कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी लग्नाच्या रात्रीच्या चादरीच्या प्रथेविरुद्ध 2018 मध्ये उघड मोहीम उभारली, समाजाचा बहिष्कार सोसून. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तुमच्या घरी जी कुजबुज झाली तिचं उत्तर द्यायची जबाबदारी तुमच्या नवऱ्याची आहे. त्याला हा परिच्छेद वाचायला द्या. वाटल्यास दोघं मिळून डॉक्टरांकडे जा आणि त्यालाच हा प्रश्न विचारू द्या.

आता आत जाऊ. योनी ही सरळ वर जाणारी नळी नव्हे. उभं असताना तिची दिशा तिरकी, मागे, कंबरेच्या हाडाकडे असते. एरवी तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यांना आडव्या घड्या असतात आणि त्यामुळेच ती ताणली जाऊ शकते. वर उल्लेख केलेल्या लंडनच्या मोजणीत तिची लांबी साडेसहा ते साडेबारा सेंटीमीटर आली होती. कप न जाण्याचं एक अगदी साधं कारण हे की पुष्कळ मुली तो सरळ वर ढकलतात आणि तो पुढच्या भिंतीवर अडतो. उकिडवं बसून, कप दुमडून, माकडहाडाच्या दिशेने सरकवून पाहा, तेही पाळी चालू असताना. नाहीच जमला तर पॅड किंवा कापड वापरा, कपची काही सक्ती नाही.

योनीच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड लागतं. बोट पोहोचलं तर नाकाच्या शेंड्याइतकं घट्ट आणि गुळगुळीत लागेल. त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की कप, टॅम्पॉन, कंडोम यांतलं काहीही त्यातून पुढे पोटात जाऊ शकत नाही. ही भीती अनेक मुली मनात धरून असतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

तिथून वर गर्भाशय, म्हणजे आपण पिशवी म्हणतो ती. बाळंतपण न झालेल्या बाईत ती साधारण साडेसात सेंटीमीटर लांब असते. बहुतेकींची पिशवी पुढे, मूत्राशयावर झुकलेली असते. साधारण पाचांतल्या एकीची मागे झुकलेली असते. तुमच्या रिपोर्टमधली 'उलटी पिशवी' ती ही. हा आजार नाही. शुक्राणू तिथे व्यवस्थित पोहोचतात आणि गर्भ राहतो. बहुतेकींमध्ये तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत वाढती पिशवी आपोआप वर येते. "पिशवी सरळ करून घ्या" असं कुणी सांगितलं, मग ते चोळणारी बाई असो की मोठं हॉस्पिटल, तर तिथून उठून या. अपवाद एकच. पिशवी मागे चिकटून हलेनाशी झाली असेल, तर तिच्यामागे एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) किंवा जुना जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात पाळीत असह्य दुखतं आणि संबंधांत खोलवर दुखतं. तुम्हाला पाळीत किती दुखतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते सांगणं महत्त्वाचं आहे.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना साधारण 10 सेंटीमीटरच्या नळ्या आणि त्यांच्या टोकांशी बीजांडकोश. बीज आणि शुक्राणू नळीत भेटतात, बीज तिथेच फलित होतं, मग पिशवीत येऊन रुजतं. संप्रेरकं तयार होतात ती बीजांडकोशांत, पिशवीत नाही. हे वेगळेपण माहीत नसल्याची किंमत आपल्या राज्याने मोजलीय. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी तरुण होत्या. पांढरं जातंय, पोट दुखतंय, एवढ्या तक्रारीवर "कॅन्सर होईल" म्हणून भीती घालून ऑपरेशनं झाली. सोबत बीजांडकोशही काढले तर तिशीतच हाडं झिजतात, अंगातून वाफा निघतात. पिशवीबद्दल कुणीही घाई करायला लागलं की दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचाच.

पांढरं जाण्याविषयी थोडंसं. पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, ताणलं जाणारं आणि इतर वेळी पांढुरकं पाणी जाणं नैसर्गिक आहे, त्याने अशक्तपणा येत नाही. दह्यासारखं आणि खाजणारं, माशासारख्या वासाचं किंवा हिरवट असेल तर संसर्ग समजायचा. योनीत आम्लता असते आणि चांगले जिवाणू ती टिकवतात, म्हणून आत साबण, वॉश, पाण्याचा फवारा काहीही नको. बाहेरून साधं पाणी पुरे.

आता दुखणं. मी माझ्या रुग्णांना पहिला प्रश्न विचारते तो हा: शिरताच दुखतं की खोल आत?

खोल आत, पोटात कळ येत असेल तर मी एंडोमेट्रिओसिस, संसर्ग, बीजांडकोशातली गाठ यांचा शोध घेते. दाराशीच दुखत असेल तर कोरडेपणा, बुरशीचा संसर्ग, कातडीचा आजार, ती मघाची उभी पट्टी, दाराजवळच्या ग्रंथीची गाठ, आणि सगळ्यात जास्त वेळा स्नायू. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर असतो, जो मूत्राशय, पिशवी आणि गुदाशय सांभाळतो. लघवी रोखताना जो आवळला जातो तो हाच. भीतीने हा थर आपोआप, आपल्या इच्छेशिवाय आवळला जातो. मग कप जात नाही, बोट जात नाही, नवऱ्याला "भिंत लागते" असं वाटतं. तुमचं वर्णन वाचून मला याच शक्यतेचा संशय सर्वाधिक आहे. कप आणि संबंध दोन्ही एकाच जागी अडतात, म्हणून. या त्रासाला योनीआकर्ष (व्हजायनिस्मस) म्हणतात, आणि त्यावर उपचार चांगले आहेत.

यात एक गोष्ट मुद्दाम सांगते. इंटरनेटवर वाचून मुली कीगल सुरू करतात, म्हणजे आवळण्याचा व्यायाम. आधीच आवळलेल्या स्नायूला ते नको. तुम्हाला सैल सोडायला शिकायचंय. आडवं पडून गुडघे दुमडा, पोटात खोल श्वास घ्या आणि सोडताना लघवी सुरू करताना सोडतो तसं खालून सैल सोडा. काही दिवसांनी जेल लावून स्वतःचं एक बोट नुसतं दाराशी ठेवा. दुखलं की थांबा. हे जमत गेलं की पुढच्या पायऱ्या, म्हणजे वेगवेगळ्या आकारांचे डायलेटर (योनीला हळूहळू सवय लावणाऱ्या गुळगुळीत कांड्या), ओटीपोटाच्या स्नायूंचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकता येतात. तोवर प्रवेशाचे प्रयत्न पूर्ण थांबवा. जवळीक थांबवू नका, पण ते एकच काम बाजूला ठेवा. दर प्रयत्नाला दुखलं की शरीर पुढच्या वेळी आणखी आधीपासून आवळतं, हे मी खूप जोडप्यांत पाहिलंय.

तपासणीला जाताना हे लक्षात असू द्या. पाळीनंतरचे दिवस बघून वेळ घ्या. दुखतं कुठे, कधीपासून, पाळीत किती दुखतं, लघवीला जळजळ आहे का, हे लिहून न्या. स्त्री डॉक्टर किंवा सोबत स्त्री कर्मचारी हवी असेल तर तसं सांगा. आरसा मागा आणि डॉक्टरांना जागा दाखवत सांगायला सांगा. पहिल्या भेटीत आतली तपासणी झालीच पाहिजे असं नाही. बाहेरून पाहून आणि एका बोटाने हलकेच तपासून बरंच कळतं. "थांबा" म्हणालात की डॉक्टरांनी हात काढला पाहिजे. तुम्ही ते म्हणू शकता हे आत जाण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठेवा. संबंधांनंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसत असेल किंवा ओटीपोटात दुखण्याबरोबर ताप असेल, तर पाळीची वाट न बघता याच आठवड्यात जा.